रकाना सहावा

मोबाईलवरच्या फॉर्मात अकरा रकाने.
झाडाचं नाव, बुंध्याचा घेर, उंची अंदाजे,
रोग, वाळवी, खिळे, फ्लेक्सची तार.
सहावा : मालक.

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या रंगकारखान्यामागे,
जिथलं धुराडं आता घारींचं आहे,
मी कडुलिंबाला टेप गुंडाळतो. दोनशे अठ्ठ्याऐंशी.
शेजारी तसाच एक. त्याच्या शेजारी अजून.
मधलं अंतर बावीस फूट. पुन्हा बावीस. पुन्हा.
सोलापुरात इतकं सरळ आपणहून काही उगवत नाही.
कुणीतरी दोरी धरली होती.

वॉचमन म्हणतो, हे लिंबनरसाहेबाचे.

एकेहार्ट लिंडनर. सूत रंगवायचा कारखाना.
त्याच्या मुलखात लिंड नावाचं झाड असतं,
पान बदामाच्या आकाराचं, फुलाला मधाचा वास.
आमच्या जिभेवर ते टिकलं नाही,
लिंडनरचा लिंबनर झाला,
आणि तोही पगाराच्या वहीत तशीच सही करू लागला,
मराठीत, वेलांटी उलटी देऊन.

पहाटे भोंग्याआधी तो इथं असे,
थर्मामीटर मातीत खुपसून,
तापलेल्या पोराच्या काखेत खुपसावा तसा.

कारखान्यामागचा ओढा सोमवारी निळा, गुरुवारी लाल.
त्यानं ते पाणी कोळशातून, वाळूतून,
कर्दळीच्या वाफ्यांतून फिरवलं,
शेवटच्या हौदाशी बसून स्वतः ओंजळभर प्यायला,
आणि चार दिवस अंथरुणात.
पाचव्या दिवशी वाळूचा थर वाढवला.

मग तो उन्हाळा.
चाळीत घराला दोन घागरी.
अंबव्वा येलदी, कांड्या भरणारी, फाटकात उभी राहिली :
'साहेब, तुमच्या रोपाला तीन घागरी.
माझ्या घरात पाच माणसं.
आम्हालाबी ओळीत लावा की.'
दुभाष्यानं ते बरंच सभ्य करून सांगितलं.
पण साहेबाला तेवढं मराठी येत होतं.

संध्याकाळी विहिरीची किल्ली चाळीत गेली.

अकराशे झाडं होती.
बकुळ आठवड्यात गेली, कांचन गेले,
चिंचांनी महिनाभर तग धरला.
तो रोज एकेका वाळल्या खोडाला हात लावी
आणि वहीत लिही : रोग नव्हे.
लिंब तेवढे राहिले.
मी मोजले, चौसष्ट.

हे सगळं वॉचमन सांगतो.
माळी इस्तारी मेरगू, त्याचा आजा.
बिस्किटाच्या डब्यात पत्रं आहेत.

लढाई लागली, पोलीस आले.
साहेबानं बूट घातले, खिसा झाडला,
इस्तारीच्या उपरण्यात मूठभर बिया.
लिंडच्या.
तारेच्या कुंपणाआडच्या छावणीतून पत्रं येत,
सेन्सॉरच्या काळ्या पट्ट्या ओढलेली,
वाचता येई एवढंच : उगवलं का?

सहा वर्षं इस्तारीनं त्या पेरल्या.
मडक्यात, सावलीत,
स्टेशनजवळून बर्फाची लादी आणून ओल्या फडक्यात.
एक उगवली नाही.
पोस्टमनकडून लिहून घेतलं : बोटभर आलंय.
पुढच्या वर्षी : वीतभर.
मग गुडघा, मग कंबर.
पाचव्या वर्षी पोस्टमननं स्वतःच्या मनानं
त्याला फुलं आणली.
इस्तारी चार दिवस त्याच्याशी बोलला नाही.

साहेबाला छावणीतून थेट बोटीवर चढवलं.
शेवटचं पत्र परदेशी तिकिटाचं :
'सावली पडते का त्याची?
कोण बसतं?'
याचं उत्तर गेलेलं दिसत नाही.

मी चौसष्ट टाइप करतो.
पासष्ट लिहिलं तर नोटीस येईल.

सहावा रकाना रिकामा सोडता येत नाही,
फॉर्म पुढे सरकत नाही.
तिसऱ्या झाडाखाली यंत्रमागावरचा एकजण,
रात्रपाळी करून आलेला,
तोंडावर टॉवेल घेऊन झोपलाय.
बुंध्याचा घेर अजून घ्यायचाय त्या झाडाचा.
टेप त्याच्या उशाखालून जाईल.
जरा थांबतो.